भाड्याचा शोक

चीन देशातल्या एका बंदरात गाओ नावाचे शेठ गाण्याचं थिएटर चालवायचे. माणूस धंद्याला पक्का. त्यांच्या थिएटरात लियेन नावाची गायिका होती. तिच्या विरहाच्या गाण्यांवर सगळं बंदर जीव टाकायचं. गोदीतले हमाल आणि बोटींचे कप्तान एकाच बाकावर बसून डोळे पुसायचे.

लियेनचं घराणं मयताघरी मजुरीवर रडणाऱ्या बायकांचं. तिकडे तशी रीतच होती. मावशीने तिला शिकवलं होतं, "गेलेल्या माणसाला काय खायला आवडायचं, ते विचारल्याशिवाय रडायला बसू नये." म्हणून एवढं नाव झाल्यावरही लियेन गाण्याआधी फाटकाशी उभी राहायची, रांगेतल्या एखाद्याला त्याचं दुःख विचारायची आणि मग त्या एकट्यासाठी गायची. रडायचं मात्र सगळं थिएटर. हे कसं होतं, ते गाओशेठना कधी उमगलं नाही.

एकदा राजधानीतून रेकॉर्ड कंपनीचे मोठे साहेब तिला ऐकायला आले. त्यांना गाणं पटलं, तर लियेनचा आवाज देशभर जाणार होता. शेठ मनात हिशेब करू लागले. आज नेमके सगळे हसतमुखच आले तर? व्यापारी काही आयत्या वेळी माल शोधत नाही, आधीच भरून ठेवतो. त्यांनी फू नावाच्या एका बेकार नटाला गाठलं. म्हणाले, "आई वारली म्हणून सांग तिला. जरा रंगवून सांग."

फूने फाटकाशी आईचं मरण असं काही रंगवलं, की शेजारचा शेंगदाणेवाला पुडी बांधायची विसरला.

लियेनने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "दादा, आईला काय खायला आवडायचं?"

फू डोकं खाजवत म्हणाला, "तसं... सगळंच."

लियेन आत गेली आणि गायला उभी राहिली.

गाणं नेहमीचंच होतं. पण पहिल्याच कडव्याला थिएटरात अशी शांतता पसरली, की बाहेरच्या बोटींचे दोर करकरलेले ऐकू यावेत. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. दाराशी उभा असलेला फू आधी शेठकडे बघून डोळा मारत होता. दुसऱ्या कडव्याला त्याचं हसू मावळलं. तिसऱ्याला तो खाली बसला. गाणं संपलं तेव्हा तो तिथे नव्हता. मजुरीही न मागता धक्क्यावर पळाला होता, गावाकडची बोट कधी सुटते ते विचारायला. त्याची आई गावी एकटी होती. कित्येक वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता.

शेठ गुपचूप लियेनपाशी गेले. "पोरी, तो माणूस मीच पाठवला होता. त्याची आई जिवंत आहे."

"कळलं होतं मला, शेठजी. ज्याचं माणूस खरंच गेलंय, त्याला इतकं सुरेख बोलता येत नाही."

"मग तू गायलीस कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच. आई गेल्याची गोष्ट खोटी होती. पण आईला काय आवडतं ते त्याला आठवलं नाही, ते खरं होतं. मी तेवढंच गायले."

जन्मभर माल पारखलेले गाओशेठ त्या पोरीपुढे कमरेत वाकले.

तात्पर्य: खोटं बोलणाऱ्याच्या पोटातही एखादं खरं दुःख असतं, ते ज्याला ऐकू येतं, त्याचाच सूर दुसऱ्याच्या काळजाला हात घालतो.