राजकन्या पोवळीचे कुरळे केस

पांघरूण घेतलंत ना? मग ऐका. समुद्राच्या काठी एक होता राजा. त्याची एकुलती एक मुलगी, पोवळी. पोवळीचे केस कुरळे. साधे कुरळे नव्हेत, बरं का. कुणी कोरड्या केसांतून फणी ओढली, की ते फणीच गिळून टाकायचे.

पोवळीची आई देवाघरी गेली होती. तिचेही केस अस्सेच होते. म्हणून पोवळीचा आपल्या केसांवर फार जीव. पण विंचरायला कुणी धजेना. गुंता वाढत वाढत टोपलीएवढा झाला.

मग नारळी पौर्णिमा जवळ आली. समुद्राला सोन्याचा नारळ वाहायचा मान पोवळीचा. राजा म्हणाला, "असं डोकं घेऊन समुद्रापुढे जायचं? तीन दिवसांत गुंता सुटला तर ठीक. नाहीतर केस कापा."

पोवळी मागे सरली. दोन्ही हातांनी डोकं झाकून कोपऱ्यात बसली.

पहिल्या दिवशी थोरली दासी आली. तिनं हस्तिदंती फणी मुळाशी खुपसली आणि ओढली. पोवळी कळवळली. केसांनी फणी गिळली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राज्यातली वेणीवाली आली. म्हणाली, "आमच्या राजकन्येचे केस कसे रेशमासारखे सरळ. तुझेही तसेच करते." तिनं शेरभर तेल ओतलं, घट्ट वेणी घातली. सगळे वा वा म्हणाले. मग पोवळीला आली शिंक. वेणी फट्‌दिशी सुटली, आणि केसांनी वेणीवालीच्या बांगड्या गिळल्या. हसता काय, बारा बांगड्या गेल्या बिचारीच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासळी घेऊन चांगूबाय कोळीण आली. पाहते तर पोवळी रडतेय, आणि शेजारी कात्री ठेवलेली.

"काय झालं गो पोरी?"

"माझे केस वाईट आहेत. आज कापणार."

"आमचं जाळं गुंततं, म्हणून आम्ही कापतो काय? आणि कोरडं जाळं कोणी ओढतं काय? बस अशी."

मग चांगूबायनं नारळाचं दूध काढलं. केस चिंब भिजवले. फणी घेतलीच नाही. बोटांनी आधी टोकं सोडवली, मग जरा वर, मग आणखी वर. जाळं असंच सोडवतात. गुंता सैल पडला. आतून फणी निघाली. मग बारा बांगड्या निघाल्या. मग एक चिमणी निघाली आणि भुर्रकन उडून गेली.

मग चांगूबायनं एकेक बट बोटावर गुंडाळली, आणि वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग परातीत पाणी भरून पोवळीपुढे ठेवलं.

आधी चांगूबायनं सगळे केस वर बांधले. पोवळीचा चेहरा मुळातच लांबट. पाण्यात पाहून ती म्हणाली, "दुधीभोपळा."

मग सगळे मोकळे सोडले.

"आता नुसतं नाक दिसतंय."

मग चांगूबायनं अर्धे केस मागे बांधले, आणि गालांपाशी बटा सोडल्या. चेहरा कसा भरलेला दिसायला लागला. पोवळी पाण्याकडे बघतच राहिली.

राजा आला. त्यानं लेकीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं कात्री उचलून नेली. परत येऊन म्हणाला, "चांगूबाय, काय देऊ तुला?"

"मला जाऊ दे, राजा. माझी सुकट वाळत घालायचीय."

पण पोवळीनं तिचा पदर धरला. "चांगूबाय, तुझे केस कोण गं विंचरतं?"

चांगूबाय निघता निघता खाली बसली. म्हातारी आई गेल्यापासून तिच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

मग राजकन्या कोळणीच्या मागे बसली. उरलेलं नारळाचं दूध घेतलं, आणि टोकापासून हळूहळू सुरुवात केली. चांगूबायनं डोळे मिटून घेतले. सुकट त्या दिवशी राजानं वाळत घातली.

पौर्णिमेला दोघींनी मिळून समुद्राला नारळ वाहिला. पुढे त्या राज्यात कुणी कुणाचे केस कोरडे ओढले नाहीत, आणि सगळी सुखात राहिली.

मिटा बरं डोळे. कुठं ओढ नाही, कुठं गाठ नाही. झोपा.