गोजराबाईचं गुणगुणतं मडकं

एक होती म्हातारी. राजासुद्धा आहे गोष्टीत, पण तो मागाहून येईल. राजाला काय, लवाजमा घेऊन यायचं असतं, वेळ लागतो. आधी म्हातारी. ठमे, पाय आत घे. गोपू, तिची गोधडी ओढू नकोस. हं, ऐका आता.

म्हातारीचं नाव गोजराबाई. राजाच्या बागेच्या मागच्या भिंतीला टेकून तिचं दोन खणांचं घर होतं. घर एवढंसं, आणि घरामागचं परस त्याहून एवढंसं. चार बाजा टाकल्या तर पाचवीला जागा नाही. पण काय नव्हतं हो त्या परसात! मांडवावर काकडी आणि कारली. छपरावर तांबडा भोपळा. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. कोपऱ्यात पेरू, त्याच्या पलीकडे डाळिंब, कुंपणाला घेवडा. पाऊल टाकायचं तर आधी विचार करावा लागायचा, बरं का.

आणि भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात एक मडकं आडवं ठेवलेलं. तोंडाला लाकडाची फळी, फळीला करंगळीएवढं भोक, आणि कडेकडेने शेणमातीचं लिंपण. त्या मडक्यात गोजराबाईच्या मधमाश्या राहायच्या. ती त्यांना माश्या म्हणायचीच नाही. माझ्या लेकी म्हणायची. रोज सकाळी चूळ भरली की कोनाड्यापुढे हात जोडून उभी राहायची आणि विचारायची, "निघालात का गं बायांनो?" मग आतून बारीक आवाज यायचा, "निघालो, आई. आधी कारली, मग डाळिंब." हो तर, बोलायच्या! ऐकणारं माणूस गप्प उभं राहिलं तर माश्याही बोलतात. वर्षातून एकदा गोजराबाई मध काढायची, तोही अर्धाच. अर्धा त्यांचा त्यांना ठेवायची.

लोक म्हणायचे, गोजराबाईला फार गर्व. होताच मुळी! कुणी दारावरून गेलं की ती हाक मारायची, "अहो, भोपळा बघून जा, असा दुसरा दाखवा गावात!" मी म्हणते, जिने उन्हातान्हात कंबर मोडून काम केलं, तिने मिरवलं तर इतरांच्या पोटात का दुखावं? लोकांचं काही ऐकू नये. गोजराबाईही ऐकायची नाही.

आता येऊ दे राजाला.

राजाची बाग केवढी? एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसायचं नाही. शंभर माळी, सोन्याच्या झाऱ्या, विहिरीवर चार मोटा. वेलींना फुलं तर इतकी की पानं दिसू नयेत. आणि फळ? फळ एकही नाही! काकडी अंगठ्याएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि टपकन गळायची. भोपळ्याचं तसंच. पेरूचं तसंच. तीन वर्षं असंच चाललं होतं.

का बरं? सांगते. तीन वर्षांपूर्वी राजा एका फुलाचा वास घ्यायला गेला. आत एक मधमाशी बसली होती. राजाने फूल खसकन ओढून नाकाला लावलं, आणि माशीने केला डंख. झालं! नाक फुगलं, वांग्याएवढं झालं. त्याच दिवशी दरबार भरला होता. राजा बसला सिंहासनावर, आणि सगळा दरबार खाली मान घालून खुसुखुसु हसला. राजाला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की त्याने तिथल्या तिथे हुकूम काढला. बागेच्या चारी कोपऱ्यांत गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला जाळा. अष्टौप्रहर धूर झाला पाहिजे. एक माशी आत येता कामा नये. आणि आजपासून या राज्यात राजाच्या नाकाचा विषय काढायचा नाही, माशीचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर हद्दपार!

मग काय, माळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कोण? माशीचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येईना. शंभर माळी, तोंडांना शंभर कुलपं.

त्या वर्षी काय झालं, दोन शेजारचे राजे दसऱ्याला जेवायला येणार असं ठरलं. त्या मुलखाची रीतच अशी होती, की दसऱ्याच्या ताटात घरच्या बागेतलं वाढायचं. बाजारचं वाढलं तर यजमानाची मान खाली. राजाला घास गोड लागेना. तो गच्चीवर येरझाऱ्या घालत होता, आणि सहज भिंतीपलीकडे बघतो तर काय! मांडवावर काकड्या लोंबतायत, छपरावर भोपळे लोळतायत, आणि एक म्हातारी पदर खोचून कारली काढतेय.

राजा लालबुंद झाला. म्हणाला, "भिंत एक, आभाळ एक, आणि फळं सगळी तिकडे? तिची मातीच वेगळी असणार. आणा ती माती!"

मग शिपाई आले, फावडी घेऊन. गोजराबाईने सुनावलं, "न्या की. माती म्हणजे शेण आणि पालापाचोळा. मी पुन्हा करीन. पण मुळं उघडी टाकलीत तर याद राखा." शिपायांनी टोपल्या भरभरून माती नेली. राजाच्या वेलींना घातली. पंधरा दिवस वाट पाहिली. काकडी अंगठ्याएवढी झाली, पिवळी पडली, टपकन गळली.

राजा म्हणाला, "मातीत नाही तर पाण्यात असेल. आणा तिचं पाणी!"

मग शिपाई आले, घागरी घेऊन. गोजराबाईची हसून मुरकुंडी वळली. म्हणाली, "अरे बाबांनो, हे भांडी घासलेलं पाणी आहे!" पण राजाचा हुकूम तो हुकूम. रोज सकाळी मोरीचं खरकटं पाणी घागरीत भरायचं आणि सोन्याच्या झारीतून राजाच्या वेलींवर शिंपडायचं. बागेत वास कसला सुटला असेल, विचार करा. नाक दाबून फिरायचे सगळे, पण नाक म्हणायची चोरी. पुन्हा पंधरा दिवस. पुन्हा काकडी पिवळी, पुन्हा टपकन.

तेव्हा मुख्य माळी पुढे झाला. त्याने भिंतीवरून डोकावून पाहिलं होतं. म्हणाला, "महाराज, म्हातारी रोज सकाळी एका मडक्यापुढे हात जोडते आणि त्याच्याशी बोलते." खरं काय ते त्याला कळलं होतं. पण मडक्यात कोण आहे ते सांगायची छाती झाली नाही त्याची.

राजा म्हणाला, "जादूचं मडकं! आणा!"

गोजराबाई तेव्हा पाणवठ्यावर गेली होती. भरदुपारी शिपाई आले. एकाने भोकात फडकं कोंबलं, दुसऱ्याने मडकं उचललं, आणि आतून गुणगुण गुणगुण आवाज यायला लागला. शिपाई घाबरून म्हणाले, "ऐकलंस? मडकं मंत्र म्हणतंय!"

आता तुम्हीच सांगा, मधमाश्यांचं घर हलवायचं तर कधी हलवायचं? दिवेलागणीनंतर. सगळ्या जणी घरी आल्या की मग. हे पोराबाळांनाही कळतं, राजवाड्यात कळत नाही. दुपारी अर्ध्याअधिक लेकी कामाला गेलेल्या होत्या. त्या पोटाला रस, पायांना पराग घेऊन परत येतात तर कोनाडा रिकामा! आई घरी नाही, राणीमाशी नाही, पिल्लं नाहीत. त्या तशाच कोनाड्याच्या भिंतीला मूठभर गोळा होऊन चिकटून बसल्या.

गोजराबाई आली. तिने पाहिलं. डोक्यावरची घागर निसटली आणि फुटली. लेकी म्हणाल्या, "आई, घर नेलं गं. राणीशिवाय आम्ही किती दिवस राहणार?" गोजराबाईला ठाऊक होतं किती दिवस. फार नाही. माती नेली तेव्हा तिने सुनावलं होतं, पाणी नेलं तेव्हा ती हसली होती. आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि निघाली राजवाड्याकडे. पायांत वहाणसुद्धा घातली नाही.

इकडे काय झालं, मडकं ठेवलं होतं बागेत, मखमली गादीवर. राजाने फडकं काढलं आणि मोठ्या उत्सुकतेने फळी ओढली. भुर्रर्र! निघाल्या की सगळ्या बाहेर! माळी पळाले. शिपाई पळाले. राजा पळणार, इतक्यात एक माशी येऊन बसली. कुठे? बरोब्बर नाकावर! राजा जागच्या जागी थिजला.

शिपाई पेटते पलिते घेऊन परत धावत आले. मडकं जाळणार, लेकी जाळणार. तेवढ्यात गोजराबाई बागेत शिरली आणि मडक्यापुढे आडवी उभी राहिली. "खबरदार," ती म्हणाली, "पलिता माझ्या अंगावरून न्यावा लागेल!" शिपाई जागीच थांबले.

मग ती राजाकडे वळली. "हलू नका, महाराज. श्वास हळू घ्या. मागच्या वेळी नाकाला डंख का झाला, ते मी सांगते."

नाक म्हणाली! हद्दपारी ठरलेली. गोजराबाईला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी बोलली.

"ती आपलं काम करत होती. तुम्ही फूल ओढलंत, ती चिरडली जात होती. तुम्हाला कुणी चिरडलं तर तुम्ही काय कराल? आता ओढू नका, झटकू नका. नुसतं बघा."

राजाला दुसरा इलाजच नव्हता. तो बघत राहिला. नाकावरची माशी उडाली आणि भोपळ्याच्या एका फुलात शिरली. बाहेर आली तेव्हा अंगभर पिवळी धमक होती. मग ती दुसऱ्या फुलात शिरली. त्या फुलाच्या मागे सुपारीएवढा इवला भोपळा होता.

"हा धरला," गोजराबाई म्हणाली. "आता हा गळायचा नाही. माझ्या मातीत जादू नाही आणि खरकट्या पाण्यातही नाही. या फुलातला पराग त्या फुलात कुणीतरी न्यायला लागतो. तुमचे शंभर माळी एका बाजूला आणि माझी एक लेक एका बाजूला."

राजा गप्प उभा होता, म्हणून त्यालाही ऐकू आलं, बरं का. राणीमाशी मडक्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "आम्हाला घरी पाठव. आम्ही राहू आईकडेच. तुझा धूर विझला तर कामाला भिंतीवरून येऊ."

राजाने काय केलं? कुणाला हुकूम सोडला नाही. स्वतः झारी उचलली आणि चारी कोपऱ्यांतले चारी धूर आपल्या हाताने विझवले. डोळ्यांत धूर गेला, कपडे काळे झाले. मग म्हणाला, "गोजराबाई, चुकलो मी. तुमचं मडकं तुम्ही न्या." आत्तापर्यंत नुसतं तिची माती, तिचं पाणी म्हणत होता, हे लक्षात आलं ना?

गोजराबाई म्हणाली, "आत्ता नाही. या सगळ्या आत येऊ देत." मग दोघं झाडाखाली बसून राहिले, राजा आणि म्हातारी. दिवेलागण झाली, एकेक लेक मडक्यात शिरली, आणि गोजराबाईने मडकं छातीशी धरून घरी आणलं. कोनाड्यात ठेवलं. भिंतीवरच्या मूठभर लेकी तुरुतुरु आत गेल्या, आणि मग मडक्यातून रात्रभर काय गुणगुण चालली होती म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून लेकी भिंतीवरून यायला लागल्या. राजाच्या काकड्या धरल्या, कारली धरली, पेरू धरले. दसऱ्याला पाहुणे राजे जेवायला बसले. काकडीची कोशिंबीर, भरली कारली, भोपळ्याचे घारगे. एक राजा चौथा घारगा उचलत म्हणाला, "वा! कुणाच्या हातचा हा भोपळा?"

माळ्यांनी माना खाली घातल्या. राजाला म्हणता आलं असतं, माझा. बाग त्याचीच होती. कोण विचारणार होतं? पण तो म्हणाला, "भिंतीपलीकडे एक बाई राहतात. त्यांच्या लेकी येतात आमच्याकडे कामाला." आणि मग नाकाची सगळी हकिगत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. पाहुणे पोट धरधरून हसले. राजाही हसला. ते हसणं ऐकून माळ्यांचीही कुलपं उघडली.

पाहुणे म्हणाले, "ते परस आम्हाला दाखवाच."

आता गोजराबाईच्या परसाचं दार केवढं? तिच्याच उंचीचं, आणि ती बुटकी. मोठ्या माणसाने वाकल्याशिवाय आत येताच येत नाही. मग काय, पहिल्या राजाने मुकुट काढून काखेत मारला आणि वाकला. दुसरा वाकला. तिसरा, आपला राजा, तो सगळ्यात खाली वाकला. आणि समोर गोजराबाई, हातात खुरपं, पदर खोचलेला, मान ताठ.

तिने तीन मुकुटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, "या, या. पण जरा पायाखाली बघा हं. कोथिंबीर आत्ताच उगवलीये."

आणि तिघे राजे पाय उचलून उचलून, जपून जपून चालले.

झाली गोष्ट. गोजराबाई सुखात राहिली, राजा सुखात राहिला, आणि लेकी दिवसभर राबून संध्याकाळी आपल्या घरी गेल्या. त्याही आता निजल्या असतील एकमेकींना चिकटून. तुम्हीही निजा. गोपू निजलासुद्धा, बघ. ठमे, मीट डोळे.