कट्टा पाडलेले घर

एकदा एका तालुक्याच्या गावी दिगंबर नावाचा एक गृहस्थ राहत असे. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात त्याने सतरा वर्षे नोकरी केली. रंग, फरशा, सिमेंट यांची नावे त्याला तोंडपाठ. पुढे त्याचे वडील वारले. ते टेलर मास्तर होते आणि पेठेत त्यांचा एक लहानसा गाळा होता. शिलाई काही दिगंबरला येत नव्हती. त्याने गाळा विकला, नोकरीला रामराम ठोकला आणि ठरवले, की आता जुनी घरे घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची.

त्याच गावात एक वृद्ध गवंडी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी हाच उद्योग केला होता, आणि गंमत म्हणजे एकाही घरावर कधी 'विकणे आहे' अशी पाटी लावली नव्हती. घर हाती यायचे, दोन-तीन महिन्यांत विकलेही जायचे. दिगंबर त्यांच्याकडे गेला आणि पाया पडला.

"आप्पा, मला शिकवा. वडिलांचा गाळा विकून या धंद्यात पडतोय. घर अंगावर पडलं तर पुन्हा त्या दुकानात जाऊन उभं राहावं लागेल, आणि वडिलांची जागा गेली ती गेलीच."

"घर कोणतं बघितलंस?"

"त्या कंपाउंडरांचं. ते मुलाकडं पुण्याला चाललेत. दोन खोल्या, वर कौलं, पुढं दगडी कट्टा."

"घे. पण काम काढण्याआधी आठ दिवस त्या गल्लीत ऊठबस कर. बाकी तुला सगळं येतंय."

आता बघा, गुरूने काही अवघड सांगितले असते तर आपण वहीत लिहून घेतले असते. सोपे सांगितले, की आपल्याला वाटते यात काय दम आहे! दिगंबरलाही तसेच वाटले. आठ दिवस नुसते बसून कसे चालेल? घर हाती आले आणि तिसऱ्याच दिवशी त्याने गवंडी लावला.

काम मात्र मन लावून केले हो. फुटकी कौले बदलली, मोरीला नव्या फरशा घातल्या, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. पैसा बेताचा, म्हणून दारे स्वतः घासली. आणि शेवटी पुढचा कट्टा पाडला. हल्ली ज्याला त्याला स्कूटर लावायला जागा लागते, हा त्याचा हिशेब. तिथे त्याने सिमेंटचा उतार केला आणि चकचकीत लोखंडी फाटक बसवले.

मग जाहिरात. फ्लेक्स लावला, वर्तमानपत्रातून पत्रके वाटली, फोनवर घराचा व्हिडिओ काढून दिसेल त्या ग्रुपवर टाकला. माणसे येऊ लागली. घर बघायची, "छान केलंय हं," म्हणायची आणि परतून यायची नाहीत. श्रावण गेला, दसरा गेला. दिगंबरच्या तोंडचे पाणी पळाले. एकदा तर तो बाजारात दुकानाच्या जुन्या मालकासमोर आला आणि मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत वळला.

शेवटी तो आप्पांना घेऊन आला. "एकदा डोळ्यांखालून घाला, आप्पा. काय चुकलं ते सांगा."

दिगंबरने फाटक उघडले, दिवे लावले, आतून हाका मारल्या. पण आप्पा आत आलेच नाहीत. पांढरेशुभ्र धोतर नेसलेला तो म्हातारा फाटकाबाहेर, कट्ट्याच्या जागी केलेल्या उताराशेजारी, खाली मातीत मांडी घालून बसला.

"अहो आप्पा, हे काय! खुर्ची आणतो, उठा."

"राहू दे. तू पण बस."

दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण बसला. समोरच्या दारात गणपतराव माळवदे उभे होते, निवृत्त पोस्टमन. आप्पांना मातीत बसलेले बघून ते लगबगीने आले आणि आपली सतरंजी अंथरू लागले.

"आप्पा, तुम्ही आणि जमिनीवर! तीस वर्षं आम्ही चौघं संध्याकाळी या कट्ट्यावर बसत होतो. कंपाउंडर उन्हाळ्यात इथं माठ ठेवायचे. आता बसायला जागा राहिली नाही बघा. चौघांची चार तोंडं चार घरांत." एवढे बोलून त्यांनी दिगंबरकडे पाहिलेही नाही, आणि आत निघून गेले.

आप्पा म्हणाले, "घर बघायला आलेली माणसं जाताना कुणाला विचारतात?"

दिगंबरला आठवले. प्रत्येक जण बाहेर पडला, की समोरच्या दारापाशी थांबायचा. काका, पाणी कसं येतं? शेजार कसा आहे? आणि गणपतराव म्हणायचे, "घर बरं आहे. पण घ्या आपलं विचार करून."

झाले! आपल्याकडे एवढ्यावर सोयरिकी मोडतात, तिथे घराची काय कथा. बरे, गणपतराव खोटे काही बोलले नव्हते. फक्त त्यांचे मन त्या घरावरून उठले होते.

"दिगंबर," आप्पा सावकाश म्हणाले, "घेणारा माणूस आयुष्यात एकदा घर घेतो. तुझ्या रंगावर त्याचा विश्वास कसा बसावा? तू तर विकणारा. तो गल्लीला विचारतो. म्हणून म्हटलं होतं, आधी गल्लीत ऊठबस कर. माझ्याकडंही जाहिरातीला पैसा नव्हता. तुझ्या वडिलांच्या दुकानापुढं लाकडी बाकडं होतं, आठवतं? मी माझं पहिलं घर त्या बाकड्यावर बसून विकलं. मास्तर मशीन चालवता चालवता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, या आप्पानं बांधलेली भिंत बघून या."

ते बाकडे! लहानपणी दिगंबरला त्या बाकड्याचा किती राग यायचा. शिवायला काही न टाकता माणसे तासन्‌तास बसायची, पेपर वाचायची, वडिलांच्या खर्चाने चहा प्यायची. खडूच्या भुकटीचा आणि गरम इस्त्रीचा तो वास, मशीनची खडखड, आणि मध्येच वडिलांचे हसणे. "बाबा, या रिकामटेकड्यांना कशाला बसवता?" असे त्याने एकदा विचारले होते. वडील सुईत दोरा ओवत म्हणाले होते, "असू दे रे, माणसं आहेत." गाळा विकताना त्याने ते बाकडे रस्त्यावर काढून ठेवले होते आणि मागे वळून पाहिले नव्हते. आता त्याचे डोळे भरून आले. आप्पांनी त्याला रडू दिले.

दुसऱ्या दिवशी फाटक निघाले, सिमेंटचा उतारही फोडला. परसात टाकलेले कट्ट्याचे दगड दिगंबरने एकेक करून पुढे आणले. आप्पांनी ओळंबा धरला. गणपतराव दारातून बघत होते. दुपारी न राहवून आले आणि म्हणाले, "तो मोठा दगड माझ्या बाजूला होता. पाठ टेकायला."

"मग तिथंच बसवू, काका," दिगंबर म्हणाला. "आणि काका, चुकलं माझं."

"असू दे रे," गणपतराव म्हणाले.

पंधरा दिवसांनी एक शाळामास्तरीण आपल्या नवऱ्याबरोबर घर बघायला आली. जाताना तिने कट्ट्यावरच्या चौघांना विचारले. दिगंबर दाराआड कान देऊन उभा होता.

"पाणी? सकाळी तासभर, धो धो येतं," गणपतराव म्हणाले. "शेजार म्हणाल, तर आम्ही आहोत की. फक्त पश्चिमेची भिंत आषाढात ओल धरते, ते आधीच सांगतो."

दिगंबरने कपाळावर हात मारला. संपले! पण बाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आजवर इतकी घरं बघितली. भिंतीची ओल कुणी सांगितली होती का हो आपल्याला?" आठ दिवसांत व्यवहार झाला. त्याआधी दिगंबरने ती भिंत खरवडून नव्याने गिलावा करून दिला.

पेढ्यांचा पहिला पुडा त्याने आप्पांना दिला, दुसरा गणपतरावांना. तिसरा हातात घेऊन तो कितीतरी महिन्यांनी पेठेत गेला. वडिलांच्या गाळ्यात आता मोबाइलचे दुकान होते. पण शेजारच्या पानवाल्याने ते बाकडे उचलून आपल्या टपरीपुढे ठेवले होते, आणि त्यावर तीच माणसे बसली होती, थोडी अधिक म्हातारी, एकाच पेपरची पाने वाटून घेऊन.

त्यांतल्या एकाने चष्म्यावरून पाहिले.

"अरे, सरका जरा," तो म्हणाला. "मास्तरांचा मुलगा आलाय."

बाकड्यावरचे सगळे सरकले. दिगंबर बसला.