टिटवीची ओली पिसं

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. जीव एवढासा, पण तोंड भारी फटकळ! भर उन्हाळ्यात तिने खड्यांमध्ये अंडी घातली होती. ऊन तापलं की ती तळ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा द्यायची. तिची पिल्लं जगणार की नाही, हे त्या ओलाव्यावरच होतं.

तळ्याचा कारभार मोराकडे. त्याचा नियम असा, की गिधाडाने तळ्याला चोच लावायची नाही. "मेलेलं खातं ते! पाणी बाटेल," असं म्हणून मोर पिसारा सावरायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. गिधाड बिचारं लांबच्या डबक्यावर जायचं. त्या वर्षी डबकं आटलं आणि तहानेने व्याकूळ झालेलं गिधाड टिटवीच्या घरट्यापाशीच कोसळलं. टिटवी आधी घाबरली. पण मग तिला त्याची कोरडी पडलेली चोच दिसली. ती धावत जाऊन पोट भिजवून आली आणि पिसांतलं पाणी थेंब थेंब त्याच्या चोचीत गाळू लागली. अशा किती खेपा घातल्या, तिचं तिलाच ठाऊक नाही.

मोराने हे पाहिलं मात्र, तो कडाडला, "गिधाडाला शिवलीस? आजपासून तुलाही तळं बंद!"

"अहो, माझी अंडी भाजून निघतील!"

"ते आधी सुचायला हवं होतं," मोर म्हणाला आणि ऐटीत निघून गेला.

टिटवी कोरडे पंख पसरून अंड्यांवर उभी राहिली. एवढी फटकळ, पण तिला रडूच कोसळलं. तेवढ्यात तिच्यावर गार सावली पडली. गिधाडाने आपले भलेमोठे पंख उघडले होते. "ताई, रडू नकोस," ते म्हणालं. "तुला पाणी आणून देता येत नाही मला, पण सावली देता येईल." दिवस मावळेपर्यंत ते जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा गवा तळ्याच्या काठावरच मरून पडला. ऊन चढलं तसा वास सुटला. हे सडून पाण्यात उतरलं तर साऱ्या जंगलाने प्यायचं काय? पण हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी मोर धापा टाकत टिटवीच्या घरट्यापाशी आला. गिधाड तिथे पंख पसरून उभंच होतं.

"गिधाडराव, लवकर चला हो!"

"अगंबाई, एका रात्रीत राव झाले?" टिटवीला आता कंठ फुटला. "काल या चोचीने पाणी बाटत होतं, आज तीच चोच पाणी वाचवणार होय?"

मोराने मान खाली घातली. गिधाड शांतपणे म्हणालं, "मी येईन, भाऊबंदांनाही आणीन. पण मग याच तळ्यावर, सगळ्यांच्या शेजारी उभं राहून पाणी पिईन. आणि माझ्याआधी ही टिटवी."

"कबूल!" मोर म्हणाला.

दुपार टळायच्या आत गिधाडांनी काठ लख्ख केला. मग टिटवी पाण्यात शिरली आणि तिच्यामागून, मान ताठ ठेवून, गिधाड. सगळे श्वास रोखून बघत राहिले. तोच एक ससा पुढे आला, गिधाडाच्या शेजारी वाकला आणि पाणी पिऊ लागला. मग हरणं आली. सगळ्यांत शेवटी, लाजत लाजत, मोरही आला.

टिटवी मात्र तोवर ओल्या पोटाने घरट्याकडे पळत सुटली होती. एका अंड्याला चीर गेली होती आणि आतून इवलीशी चोच बाहेर डोकावत होती. टिटवी इतक्या मोठ्याने ओरडली, की सगळं तळं हसू लागलं.

तात्पर्य : जन्मावरून किंवा कामावरून कुणाला हलकं मानू नये, तहान सगळ्यांची सारखीच असते, आणि ती ओळखून पुढे होणारा लहानसा जीवही सगळ्यांसाठी वाट मोकळी करतो.