चांदोरकर सरांचे एकवीस कागद

एका तालुक्याच्या गावात चांदोरकर नावाचे एक प्राध्यापक होते. कॉलेजात ते मेंदूचे शास्त्र शिकवत. त्यांचा खास विषय स्मरणशक्ती. नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेले एकवीस कागद ते सव्वीस वर्षे वाचून दाखवत होते. विनोदाच्या जागी कंसात 'येथे हसावे' असे लिहिले होते, आणि सर तिथे हसत.

कागदांत लिहिले होते: मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एकीचा निरोप ती फट ओलांडून दुसरीला जातो. तोच निरोप वारंवार गेला की ती जोडणी दणकट होते, नव्या जोडण्याही फुटतात, आणि आठवण कायमची बसते. न वापरलेली जोडणी सैल पडते. जिवाला लागलेली गोष्ट मात्र एकदाच घडली तरी पक्की बसते. एखाद्या मुलीला उत्तर आले नाही की सर म्हणत, "तुमच्या जोडण्या सैल आहेत, बाई."

प्रयोगशाळेतला शिपाई इब्राहिम शिकलगार भिंतीवर तक्ते टांगायला येई आणि तास संपेपर्यंत मागे उभा राही.

एकदा विद्यापीठाची समिती तास ऐकायला आली. सरांचे विभागप्रमुखपद तिच्या शेऱ्यावर ठरायचे होते. सरांनी टेबलाचा खण उघडला. खण रिकामा.

साठ मुले आणि तीन पाहुणे बघत होते. "आज आपण... स्मरणशक्ती..." पुढचे आठवेना. सरांना घाम फुटला, आणि घामाबरोबर आरोपीही सुचला.

"शिकलगार! या खणाला तुमच्याशिवाय कोण हात लावतं? चोरलेत ना कागद?"

इब्राहिमचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "कागद मी नाही घेतले, सर. पण पहिलं वाक्य सांगतो. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते."

सरांनी ते वाक्य म्हटले. मग इब्राहिमने दुसरे सांगितले. असा तास पार पडला. इब्राहिमने विनोदही गाळला नाही. सरांना मात्र हसता आले नाही. समितीने शिपायाच्या तयारीची स्तुती लिहिली. सरांच्या नावापुढे एकच शब्द होता: 'उपस्थित'. पद हुकले.

दुपारी बाजारातून निरोप आला. कागद प्लास्टिक चढवून तयार आहेत, घेऊन जा. सोमवारी सरांनीच ते दुकानात दिले होते आणि विसरले होते.

सर मान खाली घालून प्रयोगशाळेत गेले. "माझं चुकलं, इब्राहिमभाई. पण हे सगळं तुम्हाला पाठ कसं?"

"घरी जाताना सायकलवर मनाशी आठवून बघायचो. जिथं अडायचो, ते पुढच्या वर्षी कान देऊन ऐकायचो. तुम्हाला अडायची वेळच आली नाही, सर. कागद होता ना."

"बरं, झालं गेलं विसरून जा."

"ते नाही जमायचं. तुम्हीच शिकवलंत, जिवाला लागलेली गोष्ट एकदाच घडली तरी पक्की बसते. आणि चोर म्हणालात तेव्हा साठ पोरं होती. इथं आपण दोघंच."

सर बाहेर पडले. जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी इब्राहिम तक्ता टांगत असताना सर वर्गापुढे उभे राहिले. "काल मी यांना चोर म्हणालो. कागद मीच विसरलो होतो. त्याहून वाईट म्हणजे, मला काही येत नाही हे लपवायला मी यांचं नाव घेतलं. तुम्हा सगळ्यांसमोर मी यांची क्षमा मागतो." बोलताना ते दोनदा अडले. सव्वीस वर्षांत सर प्रथमच कागदाशिवाय, कोणी न सांगता बोलत होते, आणि मुले प्रथमच ऐकत होती.

तात्पर्य: वाचून दाखवलेले कागदावरच राहते; स्वतः पुन्हा पुन्हा आठवून काढलेले डोक्यात टिकते. अपमान मात्र एकदा केला तरी टिकतो, म्हणून चारचौघांत केला असेल तर क्षमाही चारचौघांतच मागावी.