रेशमात बांधलेल्या पोथ्या

फार फार मागे, डोंगरांच्या कुशीत एक लहानसे राज्य होते. राजा भला होता आणि प्रजा देवभोळी. राजवाड्याजवळ एक पाठशाळा होती आणि तिला लागून पोथ्यांची खोली. ती खोली एक शिक्षिका सांभाळत असे. मुले तिला नुसते ‘बाई’ म्हणत.

बाईंची रीत वेगळी होती. मुलाने काही विचारले, की त्या उत्तर सांगत नसत. “चल, शोधू या,” म्हणत आणि त्याला फडताळापाशी नेत. प्रत्येक पोथी त्यांनी वेगळ्या जुन्या कापडात बांधली होती. औषधांची पोथी हळदीच्या रंगाच्या फडक्यात, शेतीची हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात, ताऱ्यांची काळ्या चंद्रकळेच्या पदरात. नुकती अक्षरे ओळखू लागलेली पोरेही हवी ती पोथी नेमकी ओढून काढत.

एकदा परराज्यातले पाहुणे आले. प्रधानजी त्यांना पोथ्या दाखवायला घेऊन आले. एका पानावर तेलकट डाग दिसला.

“बाई, हे काय?”

“लोणच्याचा डाग आहे, प्रधानजी. एका मुलीला जेवतानाही ही पोथी खाली ठेववेना.”

पाहुणे हसले. प्रधानजींना मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी ते दरबारात म्हणाले, “महाराज, पोथी म्हणजे साक्षात सरस्वती. तिला चिंध्यांत गुंडाळून पोरांच्या खरकट्या हातांत देणं आपल्याला शोभतं का? शिकवायला गुरुजी आहेत. पोथ्या राखायला एक कुलूप पुरे.”

बाई हात जोडून उभ्या राहिल्या. “राखायला कुलूप पुरतं, महाराज. पण कुठल्या मुलाला कुठली पोथी हवी, हे कुलपाला कसं कळणार? मुलांना शोधायची सवय लागते आहे. ती मोडली, तर पोथ्या असून उपयोग नाही.”

“बाईंना स्वतःच्या नोकरीची काळजी पडलीय,” मागून कुणीतरी म्हणाले. दरबार हसला.

राजाला पोथ्यांचा अपमान नको होता. त्याने सगळ्या पोथ्यांना एकसारखे तांबडे रेशीम दिले. खोलीला कुलूप लागले. फक्त दसऱ्याला दार उघडून पूजा करायची, असे ठरले. बाईंना साडीचोळी आणि नारळ देऊन मानाने घरी पाठवले.

बाई स्वस्थ बसल्या नाहीत. दर दसऱ्याला त्या राजापुढे जाऊन तेच मागणे मागत. घरोघरी जाऊन आयांना समजावत.

“अहो बाई, आता किती छान दिसतात पोथ्या,” एक आई म्हणाली. “आमचा धाकटा लांबूनच नमस्कार करतो. पूर्वी मेला पसारा घालून बसायचा. ताक घेता ना?”

बाईंनी ताक घेतले आणि पुढच्या घरी गेल्या. पुढे पुढे त्या येताना दिसल्या, की लोक दार लोटून घेऊ लागले.

वर्षे गेली. बाई थकल्या, त्यांची दृष्टी अधू झाली. मग एका उन्हाळ्यात मुलांना ताप येऊ लागला. कुठलाही काढा चालेना. राजवैद्य म्हणाले, “माझ्या आजोबांच्या काळातही असा ताप आला होता. त्यावरचा उपाय पोथीत लिहिलेला आहे, एवढं मी ऐकलंय.”

कुलूप काढले. समोर ओळीने तांबडे रेशीम. कुठली पोथी कसली, कुणालाच सांगता येईना.

राजाने पाठशाळेतल्या मुलांना बोलावले. “शोधा, बाळांनो,” तो म्हणाला. मुले पोथ्यांसमोर ओळीने उभी राहिली. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. त्यांना तेवढेच शिकवले होते.

शेवटी बाईंना डोलीतून आणले. त्यांनी पोथ्यांवरून हात फिरवला. “सगळ्या सारख्याच लागतात,” त्या म्हणाल्या. “गाठी सोडा. मुलांनो, पानं उलटा.”

पण मुलांना पोथीला हात लावायची भीती वाटे. ती पहिल्या ओळीशी अडत आणि पुढे काय करायचे, ते विचारत. गुरुजींना पाठ केलेल्यापलीकडे काही वाचायची सवयच नव्हती. प्रधानजी स्वतः गाठी सोडायला बसले. त्यांचा नातू घरी तापाने फणफणत होता.

उपाय सापडला, तेव्हा तो दोनच ओळींचा निघाला. तळ्याचे पाणी पिणे सोडावे, डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी उकळून प्यावे. तोवर गावातली कितीतरी अंथरुणे रिकामी झाली होती. प्रधानजींच्या घरातलेही एक.

ते पान हातात धरून प्रधानजी म्हणाले, “एवढंच होतं?”

“एवढंच,” बाई म्हणाल्या.

राजाची मान वर होईना. “बाई, आजपासून ही खोली उघडी राहील.”

“उघडी ठेवा, महाराज. पण आता मला दिसत नाही. आत कोण नेणार मुलांना?”

खोली उघडी राहिली. मुले उंबऱ्यापर्यंत येत, हात जोडत आणि परत जात.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: मुलाचा हात धरून त्याला ज्ञानापर्यंत नेणारे माणूस आपण गमावले, तर भरलेले फडताळही रिकामेच असते.