वळचणीखालची लेकरं

मंडळी, इकडे उत्तरेच्या भिंतीकडे या. मनोरा आणि रंगीत काचा सगळेच बघतात. इथे शेवाळ आणि ओल यांपलीकडे काही नाही असं वाटून माणसं मागे फिरतात. पण जरा वर पाहा. दगडी फरशांचं छप्पर भिंतीच्या हातभर पुढे आलंय आणि त्याला पन्हळ नाही. दक्षिणेला शिशाची पन्हळ आहे, तिकडचं पाणी लांब जाऊन पडतं. इथे पागोळ्या सरळ भिंतीच्या पायाशी पडतात.

मी मूळची मिरजेची. नर्स म्हणून इंग्लंडात आले आणि या हॉल्मस्टो गावात राहिले ती राहिलेच. चर्चच्या किल्ल्या माझ्याआधी ज्या आजींकडे होत्या, त्यांनी मला या भिंतीची गोष्ट सांगितली.

सात-आठशे वर्षं झाली असतील. जुनं चर्च गावाला अपुरं पडू लागलं, म्हणून लोकांनी ते वाढवायला घेतलं. दक्षिणेच्या जाडजूड गोल कमानी तशाच ठेवल्या आणि उत्तरेला टोकदार कमानींचा हा नवा सोपा बांधला. छपराचं लाकूडकाम ऑसबर्ट सुताराकडे होतं. त्याची बायको ॲव्हिस खाणीतून पाटीने दगड आणायची. दिवस राहिले तरी तिने पाटी सोडली नाही. भिंत पुरी झाली, छपरावर फरशा चढल्या आणि ॲव्हिसला मुलगी झाली. ती जन्मली तीच निर्जीव.

इथला पाद्री फादर रेनॉल्ड याच गावचा, माटिल्डा नावाच्या विधवेचा एकुलता मुलगा. माणूस दुष्ट नव्हता म्हणे, पण नियमाला फार घाबरायचा. बाप्तिस्मा जिवंत लेकराचाच होतो आणि बाप्तिस्म्याशिवाय चर्चच्या आवारात माती मिळत नाही, असा नियम होता. त्याने ऑसबर्टला सांगितलं, "कुंपणापलीकडे पुरा."

ॲव्हिसने ते ऐकलं आणि रविवारपर्यंत थांबली. उपासना सुटून सगळा गाव बाहेर पडत असताना ती फडक्यात गुंडाळलेलं लेकरू आणि कुदळ घेऊन आली आणि इथे, अगदी भिंतीला लागून, खणू लागली. रेनॉल्ड धावत आला.

"ॲव्हिस, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही!"

"होईल," ती म्हणाली. "छप्पर पवित्र आहे ना? मग त्यावरून येणारं पाणीही पवित्र. पाऊस पडेल तेव्हा तिचा बाप्तिस्मा होईल. पाऊस तुमची परवानगी मागणार नाही, फादर. आणि हे दगड मी वाहिले तेव्हा ती माझ्या पोटात होती. या भिंतीवर तिचाही हक्क आहे."

माती उकरायची हिंमत रेनॉल्डला झाली नाही. त्याने दुसरा मार्ग काढला. ऑसबर्टला हुकूम दिला की या बाजूला पन्हळ बसव, पाणी लांब गेलं पाहिजे. ऑसबर्ट शिडीवरून उतरला, हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेला. मग पाद्र्याने शहरातून कामकरी बोलावले.

ते आले तेव्हा त्यांना शिडी टेकवायला जागा नव्हती. गावातल्या बाया भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. कोणाचं लेकरू बांधावर पुरलेलं, कोणाचं रानात. आजवर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आता एकेक जण आपल्या लेकराचं नाव मोठ्याने घेऊ लागली. लोहाराची बायको बोलली, पाणक्याची सून बोलली. रांगेच्या टोकाला काठी टेकून माटिल्डा उभी होती.

"आई, तू घरी जा," रेनॉल्ड म्हणाला.

"तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती, रेनॉल्ड. ती ओढ्याकाठी आहे. तिचं नाव सिसिली." म्हातारीने पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. "शिडी लावायचीच असेल तर माझ्या खांद्यावर टेकव."

कामकरी आल्या पावली परत गेले.

बिशपांना हे कळलं. त्यांच्या धाकाने एकदा पन्हळ बसली, तीही शिपायांच्या पहाऱ्यात. त्याच हिवाळ्यात ती कोसळली. वाऱ्याने पाडली असं सांगतात. वाऱ्याला ऑसबर्टच्या पहारीची मदत झाली का, हे गावात कोणी विचारलं नाही. पुन्हा बसवली, पुन्हा पडली. शेवटी बिशपच थकले.

आणि रेनॉल्ड? त्याने एका सकाळी ओढ्याकाठची माती ओंजळीत आणून सगळ्यांदेखत इथे घातली म्हणे. त्याबद्दल बिशपांनी त्याला कुठल्याशा दूरच्या गावी धाडलं. जाताना त्याने बिशपांची माफी मागितली नाही.

आजही हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी परतलेली एखादी आई पावसात इथे येते आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते. आम्ही तिला काही विचारत नाही. जो कोणी जवळपास असेल तो जातो आणि तिच्या शेजारी भिजत उभा राहतो. मग ती आपल्या लेकराचं नाव घेते, चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.